मेचा पगार देता का?

पत्र: मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका विनाअनुदानित सेमी-इंग्रजी शाळेत मुख्याध्यापिका आहे. पहिली ते दहावी, ७०० मुलं, २२ शिक्षक. यंदा मे महिन्यात तिघींचे राजीनामे आले, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर. सहा वर्षं विज्ञान शिकवणारी आमची सगळ्यात चांगली शिक्षिका ठाण्याच्या एका कोचिंग क्लासला गेली. (तिने सातवीच्या मुलांना ऐरोलीला फ्लेमिंगो दाखवायला न्यायचं म्हटलं होतं, पण पोर्शन राहील म्हणून संस्थेने परवानगी दिली नव्हती. त्याचा राग असेल का?) चौथीची वर्गशिक्षिका आमच्याकडे २१ हजार घेत होती. ती सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून रायगड जिल्हा परिषदेत शिक्षण सेवक म्हणून १६ हजारांवर गेली, हे मला अजून उमगलेलं नाही. तिसरी, लहान बाळ असलेली, घरीच बसली.

नव्या शिक्षकाला आम्ही १४ हजार देतो. जुन्या पाच जणी कायम आहेत, बाकीच्यांना दर वर्षी १ जून ते ३० एप्रिल अशी ऑर्डर असते. १ मेला ध्वजवंदन झालं की निकाल वाटतो आणि सुट्टी लागते. संस्थेकडे पैसे नाहीत. आमचे एक विश्वस्त मोठ्या कंपनीत एचआरला होते. ते म्हणतात, 'पैसा हा मोटिव्हेटर नसतोच, हर्झबर्गने ते कधीच दाखवून दिलंय, शिक्षकांना समाधान द्या.' शिक्षकदिनाला आम्ही साड्या देतो. दुसरे विश्वस्त म्हणतात, 'दोन वर्षांचा बाँड लिहून घ्या, मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवा आणि ट्यूशन घेणार नाही अशी सही घ्या.' मी नक्की काय करू?

एक मुख्याध्यापिका, मुंबई

उत्तर:

नमस्कार बाई,

रायगडला गेलेल्या मुलीपासून सुरुवात करते. २१ हजार सोडून तिने १६ हजार घेतले, तेही मुंबई सोडून, भाड्याच्या खोलीत राहून. डोकं फिरलंय का तिचं? मुळीच नाही. शिक्षण सेवकाला प्राथमिकला १६, माध्यमिकला १८ आणि कनिष्ठ महाविद्यालयात २० हजार मानधन मिळतं. २०२३ मध्ये वाढ झाली म्हणून एवढं तरी, त्याआधी ते अनुक्रमे सहा, आठ आणि नऊ हजार होतं आणि तेव्हाही मुलं-मुली त्यासाठी परीक्षा देत होत्या. कारण हे मानधन तीनच वर्षं असतं. चौथ्या वर्षी ती नियमित वेतनश्रेणीत जाईल. प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, दर वर्षीची वेतनवाढ, आणि बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी) दोन्ही देऊन तिने हे मिळवलंय आणि तिचा डोळा त्या चौथ्या वर्षावर आहे.

तुमच्या शाळेत चौथ्या वर्षी काय मिळतं? पुन्हा १ जून ते ३० एप्रिल.

माझं सगळं उत्तर खरं तर या ऑर्डरीपाशीच आहे. ३० एप्रिलला तुम्ही सतरा जणींची नोकरी संपवता. १ मेला त्याच सतरा जणी पांढऱ्या साड्या नेसून सकाळी साडेसातला ध्वजवंदनाला येतात, वर्गात बसून निकालपत्रकं वाटतात, 'माझ्या मुलाला गणितात बी टू का?' या प्रश्नाला हसत उत्तर देतात. कागदावर बघायला गेलं तर त्या दिवशी त्या तुमच्या कुणीच नसतात. मग महिनाभर पगार नाही. पुढची ऑर्डर मिळेल की नाही हे जूनमध्ये कळणार. अशा महिन्यात माणूस दुसरं काय करणार, बाई? बायोडेटाच पाठवणार. क्लासवाले आणि पवईची मोठी शाळा त्याच वेळी मुलाखती घेतात. तुम्ही त्यांना बाजारात पाठवता आणि बाजारातून परत आल्या नाहीत म्हणून रागावता. तरी तिघींनी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, कळवलं. राजीनामा द्यायला नोकरी तरी कुठे होती!

तेव्हा पहिलं काम मेचा पगार. संस्थेकडे पैसे नाहीत, हे मी खरं धरून चालते. सतरा जणींचा सरासरी पगार १८ हजार धरला, तर मे महिन्याचे होतात ३ लाख ६ हजार. ७०० मुलांत वाटले तर एका मुलामागे वर्षाला ४३७ रुपये, महिन्याला साधारण ३६. स्टेशनबाहेर दोन वडापाव घेतले की एवढे होतात. फीवाढ संस्थेला मनाने करता येत नाही, २०११ च्या फी नियमनाच्या कायद्याप्रमाणे प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. ठेवा ना! आणि त्यात 'विकास निधी' असलं काही गुळमुळीत लिहू नका. 'शिक्षकांना मे महिन्याचा पगार देण्यासाठी' असं सरळ लिहा. पालक भांडतात ते एसी कॉम्प्युटर लॅबच्या नावाखाली पैसे घेऊन लॅबला कुलूप असतं तेव्हा. वर्षाच्या मधोमध विज्ञानाच्या बाई बदलल्या की मुलाचं काय होतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

त्यासोबत ऑर्डरही बदला. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांचा सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. अनुदान मिळो न मिळो, मान्यताप्राप्त खासगी शाळा त्यात येते. जागा कायम रिकामी असेल तर पात्र शिक्षकाला दोन वर्षांच्या परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) नेमायचं असतं आणि काम समाधानकारक असेल तर त्यानंतर तो कायम होतो. दर वर्षी अकरा महिन्यांचा कागद देऊन ही दोन वर्षं कधी भरूच द्यायची नाहीत, ही युक्ती आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती युक्ती आहे हेही लोक विसरलेत. उद्या कुणी शाळा न्यायाधिकरणात गेली तर सहा वर्षांच्या सहा ऑर्डरी पुढे ठेवेल, तेव्हा संस्थेला ती युक्ती महागात पडेल.

आता तुमचे एचआरवाले विश्वस्त. हर्झबर्ग त्यांनी अर्धाच वाचलाय. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५० च्या दशकात अमेरिकेत, पिट्सबर्गच्या परिसरात, सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामात फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. बरं वाटण्याची कारणं निघाली ती काम जमणं, कुणीतरी दखल घेणं, जबाबदारी मिळणं, खुद्द कामातली गोडी. वाईट वाटण्याची कारणं वेगळीच निघाली: कंपनीची धोरणं, वरिष्ठांचं वागणं, कामाची परिस्थिती, पगार. एका यादीतलं कितीही दिलं तरी दुसऱ्या यादीतलं दुखणं जात नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे पगार वाढवून माणूस कामावर प्रेम करू लागत नाही, हे तुमच्या विश्वस्तांनी बरोबर सांगितलं. पगार तोकडा आणि अनिश्चित असेल तर माणूस नाराजच राहतो, समाधानाचं कितीही बोला, हे सांगायचं राहिलं. आणि आणखी एक: ते सगळे इंजिनिअर आणि अकाउंटंट होते, मेमध्ये बिनपगारी बसणारे शिक्षक नव्हते.

समाधानाची भाषा माझ्या अंगावर येते ती यामुळेच. शिक्षकी पेशात समाधान आहे, ते मी स्वतः भरपूर घेतलंय. पण ते समाधान शिक्षकाचं असतं, त्याच्या वर्गात त्याने कमावलेलं. संस्थेने ते पगाराच्या पाकिटात भरून द्यायची वस्तू नाही. 'गुरुजनांचा सेवाभाव' हे शब्द सभेत निघाले की मी लगेच बघते, बोलणाऱ्याने स्वतःच्या ऑफिसात सेवाभावाने किती महिने काम केलंय.

पगार वाढवता येत नसेल तर निदान आहे तो पगार पक्का करा. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, बँकेत, पगारपत्रकासह. हे बारीकसं वाटतं, पण अकरा महिन्यांच्या तुटक्या ऑर्डरीवर आणि हाताने लिहिलेल्या पावतीवर बँक कर्ज देत नाही. तुमच्या शिक्षिकेचा नवरा बदलापूरला वन बीएचके बघत असेल, तेव्हा दोघांचा पगार धरून कर्ज बसतं की एकाच्या, यावर घर ठरतं. ज्या नोकरीवर घर उभं राहतं ती नोकरी कुणी सहजासहजी सोडत नाही. (काही ठिकाणी सही एका आकड्यावर घेतात आणि हातात दुसराच देतात. तुमच्याकडे तसं असेल तर बाकीचं सगळं राहू द्या, आधी ते थांबवा.)

प्रॉव्हिडंट फंड तुमच्याकडे असायलाच हवा, वीसपेक्षा जास्त माणसं आहेत. आणि त्या विज्ञानाच्या बाईंना ग्रॅच्युइटी दिलीत का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते. शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू नाही असं अजूनही काही संस्थांत ठासून सांगतात. २००९ च्या दुरुस्तीने ती लागू झाली, तीही ३ एप्रिल १९९७ पासूनची, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पाच वर्षं झाली की हक्क लागतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार २४ हजार धरला तर पंधरा भागिले सव्वीस गुणिले सहा वर्षं, म्हणजे ८३ हजारांच्या आसपास. क्लासला गेली म्हणून हे पैसे बुडत नाहीत. ते तिला आपण होऊन बोलावून द्या. राहिलेल्या एकोणीस जणी ती गोष्ट आठवडाभर स्टाफरूममध्ये बोलतील, आणि एवढी जाहिरात साड्या वाटून होत नाही.

घरी बसलेल्या तिसऱ्या बाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. १४-१५ हजारांत लोकलचा पास, रिक्षा आणि पाळणाघर वजा केलं की हातात काय राहतं ते वहीवर मांडून बघा. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा तिला दिली होती का, की 'एप्रिलनंतर बघू' झालं होतं? शिक्षकांच्या मुलांना फी माफ करत असाल तर ते चांगलंच, पण ते मूल पहिलीत आल्यावर. त्याच्या आधीचीच वर्षं कठीण असतात. अशा बाईंना दोन वर्षं अर्धवेळ, सलग तासिका देऊन ठेवता येतं. आठवीच्या आतले काही विषय त्याने सहज निघतात.

आता समाधानाकडे येऊ, कारण ते खरंच महत्त्वाचं आहे. तुमच्या पत्रात ते कंसात आहे.

ठाण्याची खाडी तुमच्या शाळेपासून किती लांब? ऐरोलीचा पूल ओलांडला की वन खात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत पाखरं असतात. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मुलांना तिथे न्यायचं म्हटलं म्हणजे काय केलं? आदल्या रविवारी स्वतः जाऊन भरती-ओहोटीची वेळ बघितली असणार, बसचा खर्च काढला असणार, पालकांच्या परवानगीचा नमुना तयार केला असणार. हे कुणी सांगितलं नव्हतं. चांगला शिक्षक ओळखायची मला ठाऊक असलेली ही सगळ्यात खात्रीची खूण. आणि संस्थेने सांगितलं, पोर्शन राहील. त्याचा राग असेल का, असं तुम्ही विचारता. राग नसेल हो. राग आला असता तर ती भांडली असती. तिने फक्त नोंद घेतली असेल की इथे आपल्याला पोर्शन संपवायलाच ठेवलंय. पोर्शनच संपवायचा, तर क्लास त्याचे दुप्पट पैसे देतो.

शिक्षकदिनाच्या साडीचा खर्च काढा आणि तेवढ्याच पैशांत दर वर्षी दोन-तीन शिक्षकांना त्यांच्या मनातलं काही करू द्या. कुणाला भिंतीवर नकाशा रंगवायचा असेल, कुणाला कोळीवाड्यातल्या आजीला वर्गात बोलवायचं असेल. अर्ज एका पानाचा, होकार-नकार आठवड्यात, आणि नकार दिलात तर कारण तोंडावर सांगायचं. साड्या बंद केल्या तर कुणी रडणार नाही. सगळ्यांना एकाच रंगाची साडी नेसायला आवडते, हा गैरसमज विश्वस्तांच्या बायकांचा असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. एका आठवड्यासाठी एका शिक्षिकेच्या दिवसाची नोंद तुम्ही स्वतः ठेवा, तिला सांगून. किती ऑफ तासिका प्रॉक्सीत गेल्या? यू-डायस प्लस आणि अपार या सरकारी नोंदींच्या माहितीसाठी आधार कार्डावरची स्पेलिंग किती मुलांची जुळवली? रात्री साडेदहाला 'टीचर, उद्या ब्राउन पेपर कव्हर कंपल्सरी आहे का?' याला किती उत्तरं दिली? सरकारी कामाचं तुमच्या हातात फार नाही, पण भरणा करायला दोन पाळ्यांत मिळून एक डेटा एंट्रीचा मुलगा ठेवणं तुमच्या हातात आहे. पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर शिक्षक उत्तर देणार नाहीत, असं तुमच्या सहीने परिपत्रक काढणं आहे. आणि तीन लेट मार्कांना एक सीएल कापायचा नियम जुलैत तरी बासनात बांधून ठेवा. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आहे हे टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राला दिसत असतं आणि मस्टरवर लाल पेनाने फुली पडत असते. पगार कमी म्हणून सोडणारे शिक्षक सांगून सोडतात. या लाल फुलीवरून मन उडालेले काही सांगत नाहीत.

पालक वरच्या आवाजात आले की तुम्ही कुणाच्या बाजूला उभ्या राहता, हेही स्टाफरूम बघत असते. चूक शिक्षिकेची असेल तरी केबिनमध्ये, पालक गेल्यावर बोला. एवढंच पुरे या विषयावर.

टीईटीचं मात्र तुमच्या पत्रात काहीच नाही आणि ते यायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागणार आहे. तुमच्या शाळेत चाळिशी-पंचेचाळिशीच्या किती जणी आज रात्री स्वयंपाक आवरून बालमानसशास्त्राची पुस्तकं उघडतायत? त्यांची परीक्षा फी शाळेने भरा, परीक्षेआधी चार-पाच दिवस पगारी रजा द्या, शनिवारी दुपारी गणितवाल्या सरांना बाकीच्यांची तयारी घ्यायला सांगा आणि त्या तासांचे त्यांना पैसे द्या. पास झाल्या की पवित्रवर जातील, अशी भीती वाटेल. दोघी-तिघी जातीलही. नापास झाल्या तर मात्र तुम्हालाच त्यांना ठेवता येणार नाही.

ट्यूशनच्या सहीबद्दल: आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, कलम २८ मध्ये शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही असं लिहिलेलंच आहे, वेगळी सही कशाला? संध्याकाळच्या चार मुलांच्या फीवर जिचं घर चालतं, तिला हे कलम वाचून दाखवण्याआधी तिचा पगार १९७७ च्या कायद्यात आणि १९८१ च्या नियमांत कुठे बसतो तेही वाचून दाखवावं लागेल. विश्वस्त एवढे पुढे जाणार नाहीत असं मला वाटतं.

आणि बाँड. मूळ प्रमाणपत्रं कपाटात अजिबात ठेवू नका, पडताळून त्याच दिवशी परत द्या. ती अडकवून ठेवलेली शिक्षिका राहील, पण रोज वर्गात येणारी बाई वेगळीच असेल. शिवाय मुंबईत ही बातमी एका आठवड्यात मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत पोचते आणि पुढच्या मेमध्ये तुमच्या जाहिरातीला फक्त ज्यांना कुठेच मिळालं नाही त्यांचे अर्ज येतात. शिक्षक अचानक जाऊ नयेत एवढंच हवं असेल तर १९८१ च्या नियमावलीतला चाळिसावा नियम आहेच: कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एक महिन्याची. तीन महिने हवे असतील तर कायम करा. बाँडसाठी संस्था वकिलाला जी फी देणार आहे, त्याच फीमध्ये त्याच्याकडून सतरा नियुक्तिपत्रं नव्याने लिहून घ्या.